भिवाला जरा बाहेर बोलवा

नाय, मी जास्त वेळ थांबणार नाय, आधीच सांगतो. तुमी नुसतं आत जायचं नि म्हणायचं, भिवा, तुझा दादा दारात आलाय — बस, पुढचं माझं मी बघतो. आज भेटीचा वार नाय, हे मघाशीच सांगितलंत की, मी काय बहिरा हाय? पण शिपाईदादा, दर्या काय तुमचा भेटीचा वार बघून मासा पाठवतो? सकाळपासनं पाणी काळं पडलंय. बांगडा हाय म्हणून अर्धे लोक ओरडतायत, नि अर्धे म्हणतायत कसला बांगडा, ढगाची सावली ती. सारी वाडी किनाऱ्यावर खोळंबलीय, जाळं होडीत भरून तयार हाय, नि ते नेमकं कुठं टाकायचं हे सांगणारा एकुलता एक माणूस तुमच्या ह्या भिंतीपलीकडं. म्हणून तर आलो मिरकरवाड्यावरनं तंगड्या तोडीत. बसू? नको, बसत नाय. बसलो की मला काय सुचत नाय. — बरं, बसतो. पण बसलो म्हंजे गप्प बसलो असं समजू नका.

तुमी घाटावरले ना? बोलण्यावरनंच कळलं. मग तुमाला रापण काय ठाव असणार! रापण म्हंजे एकाचं जाळं नाय ओ, अख्ख्या वाडीचं — होडी लांबनं वळसा घेत जाळं सोडीत येते, नि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरनं साऱ्यांनी मिळून ओढायच्या. म्हातारा असो, बाईमाणूस असो, लंगडा-पांगळा असो — ज्याचा दोरीला हात, त्याला वाटा. ओढायला ताकद लागते, ती आमच्याकडं रग्गड. पण मासा नसंल तिथं जाळं टाकलं की दिवसभर ओढा नि तिन्हीसांजेला हात हलवत घरी जा. म्हणून मासा हेरणारा डोळा लागतो. कातळावर बसून पाण्याकडं बघत राहायचं, नि मासा आला की हाक घालायची. आमचा भिवा तो डोळा. मी तांडेल, गुणाजी तांडेल, रापणीचा म्होरक्या — माझ्या शब्दाबिगर होडी पाण्यात जात नाय. पण खरं सांगू? माझा शब्द म्हंजे भिवाचा शब्द. तो बोट दाखवतो, मी ओरडतो. धाकटा भाऊ हाय माझा, पाठचा.

येडा? कोण येडा? — नाय, तुमी नाय बोललात, कबूल, पण लोक काय म्हणतात ह्या जागेला? येड्यांचं इस्पितळ. अवो, येडा माणूस असा असतो? त्याच्या अंगात वारं असतं तेव्हा बघायला पायजे होतंत तुमी त्याला. गणपती गेले की त्याचे डोळे चमकायला लागतात. झोप नाय, भूक नाय, दिवस-रात्र कातळावर. तोंड तर चालूच — गाणी काय, नकला काय, बाया घागरी खाली ठेवून हसत बसतात. घरातलं दिसंल ते वाटून टाकतो. एकदा सगुणेचं — सगुणा म्हंजे त्याची बायको — तिचं धडकं लुगडं नेऊन भिकारणीला दिलं, नि वर तिलाच सांगतो, तुला रेशमाच्या शिडाची होडी घेऊन देईन. रेशमाचं शीड! आमी पोट धरून हसलो. सगुणा नाय हसली. तिला जरा हसायचंच वावडं. पण मासा बघावा भिवानं! कुणाला दिसत नाय ते त्याला दिसतं. तो हात करील तिकडं जाळं टाकायचं, की फाटेस्तोवर बांगडा. एखाद्या वेळी फुकट गेलं, नाय म्हणत नाय. बऱ्याच वेळा गेलं. पण जे लागलं तेच लक्षात राहतं ना माणसाच्या.

नि वारं मी उगाच म्हणत नाय, देवाला विचारून म्हणतो. तुमच्याकडं कौल लावतात? आमच्याकडं गुरव देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो — उजवी पाकळी पडली की देवीचं हो, डावी पडली की नाय. आमी साऱ्या वाडीनं मिळून कौल लावला. नारळ मी स्वतः ठेवला. माये, भिवाला कातळावर बसवतो, मासा लागंल काय? तर उजवी पाकळी अशी टपकन पडली, गुरवाचं बोलणं पुरं व्हायच्या आधी! मग आमी काय देवीपेक्षा शहाणे? तेव्हापासनं हंगामात त्याला कोण 'झोप' म्हणत नाय. उलट त्याच्या मानेला जरा डुलकी आली की कोण माडीचा पेला नेऊन देतं, कोण बाजूला बसून गप्पा काढतं — जागा राहावा म्हणून. मानानं ओ, सगळं मानानं! माशाची पहिली टोपली त्याच्या दारात. गरज सरो नि वैद्य मरो, तसले नाय आमी.

आता शिमग्यानंतरचं म्हणाल तर — हां, ते हाय. ते मी नाकारत नाय. शिमगा सरला की भिवा विझतो. चटईवर भिंतीकडं तोंड करून पडतो, तो पडतोच. घास भरवायचा सगुणेनं, तोंड धुवायचं सगुणेनं. पण त्यावर उपाय केले नायत असं कोण म्हणंल तर त्याची जीभ झडंल. वैद्याचं तेल टाळूवर थापलं. भगताचा अंगारा लावला. नवस बोललो, फेडला पण. मिरच्यांची धुरी दिली, तर खोकत-खोकत म्हणतो कसा, दादा, मी मेलेलाच हाय, कशाला धूर करतोस. ही भाषा! मी चिडलो. म्हटलं, ऊठ, सोंगं करू नको, हंगामात तर नाचत होतास. नि ह्या वैशाखात तर — जाऊ दे. — सांगू? ओहोटीच्या वेळी पाण्यात चालत गेला. सरळ. गळ्यापर्यंत. आमच्यात पोर चालायच्या आधी पोहायला लागतं, नि हा हातच मारीना. सगुणा खडकावर कालवं काढत होती, तिनं बघितलं नि केसाला धरून ओढत आणला. मी जाळं शिवत होतो. मला पण दिसत होता तो. मला वाटलं, पाय धुवायला चाललाय.

हे इस्पितळ सगुणेच्या डोक्यातलं. ती मासे घेऊन इकडं डाक्टरांच्या बंगल्यावर येते ना, तिथं तिनं कधी तोंड उघडलं देव जाणे. डाक्टरांनी म्हणे तिला ओटीवर बसवून सगळं ऐकून घेतलं. असं ऐकणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता — हे मला ऐकवते! मला! नि डाक्टर बोलले, तो पडलेला असतो त्याच्या नि नाचत असतो त्याच्या मधी चार दिवस भानावर असंल बघ, तेव्हा त्यालाच विचार, त्याच्या मनानं आणलास तर बरं. श्रावणात तसे दिवस आले. नि गेला की ओ! आपल्या पायांनी. कोर्ट नाय, पोलीस नाय, स्वतः कागदावर अंगठा दिला, मला ठेवून घ्या म्हणून. थोरल्या भावाला विचारलं? छे! मग मी आलो भांडायला, तुमी नव्हतात तेव्हा दारावर. तर डाक्टर शांतपणानं म्हणतात, गुणाजी, हसणारा भिवा नि पडून राहणारा भिवा, दोघांचं दुखणं एकच. म्हटलं, वा! पडतो ते दुखणं, मान्य. ते काढा, पायजे तेवढं कडू औषध पाजा. पण मासा दिसतो तो कशाला काढता? ते दुखणं नाय, ती देणगी हाय. तर म्हणतात, निम्मं काढता येत नाय. नि पुरतं जाईल असं वचन देत नाय, पण झोप, औषध, नि घरच्यांनी सांभाळलं तर माणूस सावरंल. घरच्यांनी! माझ्याकडं बघून बोलले.

आता तुमी पण तसेच बघू नका माझ्याकडं. मला काय भाऊ नको झालाय? जीव हाय माझा त्याच्यावर. विचारा वाडीत कुणाला पण. माघात तो माझ्याकडंच आला होता, बायकोकडं नाय गेला, माझ्याकडं. मी दोर वळत बसलो होतो. बोलला, दादा, डोकं थांबत नाय, आतनं कोण तरी नुसतं पळतंय, मला बांधून घाल नायतर कुठं तरी ने. हसत बोलला ओ! तेव्हा तो सगळं हसतच बोलतो, माणसाला कळायचं कसं? मी म्हटलं, शिमगा होऊ दे, मग बघू. मग काय चुकलं? भर हंगामात कोण कुठं जातं? साऱ्या वाडीच्या चुली त्या दोरीवर. नि कौल होता देवीचा, होता की नाय? मासा लागंल बोलली ती, नि लागला मासा. भिवाला — आता भिवाचं काय होईल ते — नाय, ते आमी विचारलंच नव्हतं. गाऱ्हाण्यात नव्हतं ते. गुरवाच्या ध्यानात आलं नाय, माझ्या पण नाय. एवढी माणसं हात जोडून उभी होती, एकाच्या पण नाय. नि देवी आपणहून कशी सांगंल? विचाराल तेवढंच सांगते ती.

पुरे झालं आता. जाता की नाय आत? हे घ्या, सोडे हायत, कोलंबी सोलून घरच्या उन्हात सुकवलेले. — लाच कसली ओ, सोडे हायत! वांग्यात घाला, बोटं चाटत बसाल. नको? नको तर नको, मोठे आले राजा हरिश्चंद्र. माझं काय अडत नाय, मी इथनं पण हाक मारीन. 'भिवा, बांगडा लागलाय' — एवढंच. एवढं कानावर पडलं की ही भिंत उडी मारून येईल तो, धरून दाखवा तुमी. नि धरायचा तुमाला हक्क पण नाय, अंगठा त्याचा, तर बाहेर यायची मर्जी पण त्याची, डाक्टरच बोललेत. मी हाक मारली नि भिवा आला नाय, असं जन्मात झालेलं नाय. मारू? बघा हां, मारतोच.

— मारतो की. का नाय मारणार? घसा सुकलाय चालून. पाणी द्या घोटभर.

हां. तो कोण आतला, तुमच्यातलाच काय? त्याला विचारा ना. विचारा, मिरकरवाड्याचा भिवा कुठं हाय म्हणावं, बागेत कामाला हाय की बाकीच्यांबरोबर विणायला बसलाय. — काय बोलला? झोपलाय? छे, छे, भलताच कोण असंल. आता दुपारचा? आश्विनात? बांगड्याच्या दिवसांत भिवा झोपलाय? दुसरा भिवा बघितला असंल त्यानं. आमचा उंच हाय, उजव्या कानात बाळी. — तोच? जेवला नि झोपला? आपणहून? काल पण झोपला होता? नाय, थांबा, भिंतीकडं तोंड करून पडलाय काय, डोळे उघडे ठेवून? तसा पडतो तो, मला ठाव हाय, ती झोप नव्हे. त्याला म्हणावं नीट बघून ये. बघ म्हणावं, जा.

घोरतोय?

आयला. घोरतोय. लहानपणी घोरायचा तो, एका घोंगडीत झोपायचो आमी, मी लाथ घालायचो त्याला, तर कूस बदलून परत घोरायला लागायचा. किती वर्सं झाली ऐकून. मला तर विसरच पडला होता, हा माणूस घोरतो म्हणून.

काय म्हणतोय तो? उठवू? — नको! ओ, नको म्हणून सांगा, पळा, तो निघाला बघा आत. नको, नको उठवू त्याला! ...थांबला ना? थांबला. कोण बोललं मी बोलवायला आलोय? मी हाक मारली? मारली नाय ना? मग झालं तर. मी आलो होतो हे पण त्याला सांगू नका. नि बांगड्याचं नाव काढू नका त्याच्यापुढं, जेवणात वाढलात तरी दुसरं कायतरी नाव सांगा.

किनाऱ्यावर काय सांगू म्हणता? शिव्या खाईन, दुसरं काय. आज मी बसतो कातळावर, डोळे ताणून बघतो, लागला मासा तर लागला. नि सगुणा आली भेटीच्या वारी, तर तिला म्हणावं — नको, तिला मीच सांगीन काय ते. तुमी काय बघत राहिलात? काम नाय तुमाला? जावा आत. जावा, चाललो मी. — नि ओ, दार जरा हळू लावा.