गुळपोळ्या रिव्हर्समध्ये

(उत्तर मिशिगन, जानेवारी २००६. बर्फात बुजलेली पार्किंगची जागा. मोटरसायकलसारखी उघडी, चौचाकी एटीव्ही, तिच्यामागे दोरीनं बांधलेली, बर्फावरून ओढायची स्लेज.)

शैलेंद्र : या टायरांवर मी तुला अलास्काला नेऊन परत आणीन. हा तर अर्ध्या मैलाचा रस्ता आहे.

रेणू : मग आपण हललो का नाही?

शैलेंद्र : चाकं फिरतायत की.

रेणू : चाकं फिरतायत, पण मघापासून माझ्यासमोर हा एकच मेलबॉक्स आहे.

शैलेंद्र : थांब, टायर बर्फात बसू दे नीट.

रेणू : बसलेच आहेत. आपण खाली जातोय, शैलेंद्र. पुढे नाही, खाली.

शैलेंद्र : अगं, मी नऊ वर्षं गाड्यांच्या कंपनीत आहे.

रेणू : ब्रेकमध्ये आहेस. थांबवणं तुझं काम, आणि ते तू उत्तम करतोयस.

शैलेंद्र : दुकानदारानं विचारलं, स्नोसाठी हवेत की आइससाठी? मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, एक काहीतरी ठरवा. भुसभुशीत बर्फाला मोठमोठे, लांब लांब ठोकळे असलेला टायर लागतो, काचेसारख्या बर्फाला खिळे. मी म्हटलं, ठोकळे पण द्या आणि त्यात खिळे पण मारा. बघत राहिला माझ्याकडे.

रेणू : मीही बघतेय. स्लेजवर दीडशे गुळपोळ्या आहेत. संक्रांतीसाठी आलेली आपल्या मराठी मंडळाची चाळीस माणसं काल रात्रीपासून बर्फामुळे पलीकडच्या त्या लॉजमध्ये अडकलीत, आणि नंदाताईंचा तिसरा फोन येऊन गेला.

शैलेंद्र : काय म्हणाल्या?

रेणू : म्हणाल्या, टेन्शन घेऊ नकोस गं, रस्ता बंद आहे त्याला तू काय करणार, मी आपली खिचडी टाकून ठेवू का? इतक्या गोड आवाजात म्हणाल्या ना, की मी फोनच ठेवून दिला. अकरा वर्षं मंडळाचं किचन त्यांच्याकडे होतं. या वर्षी पहिल्यांदा माझ्याकडे आलंय. त्यांची खिचडी एकदा शिजली की गणपतीचं जेवणही गेलं माझ्या हातून, आणि पुढचं सगळंच.

शैलेंद्र : शिजणार नाही. जरा रिव्हर्स घेऊन जोरात येतो.

रेणू : अरे, थांब, थांब. हे काय?

शैलेंद्र : काय झालं?

रेणू : मागे कशी काय सुसाट गेली?

शैलेंद्र : उतार असेल.

रेणू : चढ आहे. उतर खाली. या टायरवर बाण आहे बघ.

शैलेंद्र : असतोच. चाक कुठल्या बाजूला फिरायचं ते दाखवतो. डावे टायर वेगळे, उजवे वेगळे.

रेणू : मग हा बाण मागे, पार्किंगकडे का दाखवतोय? आणि तोही? चारही?

शैलेंद्र : शक्य नाही. दुकानात रिमवर चढवून, खडूनं लेफ्ट-राइट लिहून दिले होते.

रेणू : तो खडू तुझ्या मावशीनं गाडीच्या पूजेआधी ओल्या फडक्यानं पुसला.

शैलेंद्र : पण मी चाकं गाडीला आपापल्या बाजूला टेकवून ठेवली होती, आणि सुमित्रामावशीला सांगितलं होतं ना, की डाव्यांना कुंकवाचं एक बोट लाव आणि उजव्यांना दोन. तिनं लावली. मी बोटं बघून चाकं बसवली.

रेणू : मावशी कुठे बसल्या होत्या?

शैलेंद्र : पाटावर. गाडीच्या समोर.

रेणू : गाडीकडे तोंड करून.

शैलेंद्र : मग काय पाठ करून पूजा करणार?

रेणू : त्यांचं डावं म्हणजे गाडीचं उजवं, शैलेंद्र.

शैलेंद्र : म्हणजे चारही चाकं मी उलट्या बाजूला बसवली?

रेणू : जॅक आणि पाना?

शैलेंद्र : ट्रॉयला. घरच्या गॅरेजमध्ये. पण हे बघ, यातून एक सिद्ध झालं. टायर मी बरोबर निवडले.

रेणू : काय?

शैलेंद्र : रिव्हर्समध्ये बघितलंस ना कसे धरतात? आपण रिव्हर्समध्ये जायचं. दोरी पुढच्या रॅकला बांधतो. तू स्लेजवर बस, डबे धरून. मी मागे बघत चालवतो, तू पुढे बघ.

रेणू : माझं पुढे म्हणजे तुझी पाठ.

शैलेंद्र : विश्वास ठेव. गाठ मी स्वतः मारतोय.

(अर्ध्या तासानं, फोनवर.)

रेणू : कुठे आहेस?

शैलेंद्र : आत. अगं, काय एन्ट्री झाली आपली. सगळे खिडकीत उभे. मंडळातला कुमार म्हणाला, रिव्हर्समध्ये अर्धा मैल म्हणजे खायचं काम नाही. मी टायरांबद्दल सांगतोय सगळ्यांना. तू डबे उतरवतेयस ना? मी चहा संपवून आलोच.

रेणू : शैलेंद्र, बाहेर जाऊन गाडीच्या पुढे बघ.

शैलेंद्र : थांब. हं. दोरी आहे.

रेणू : दोरी तुझ्याकडे आहे. स्लेज पाइनच्या झाडांपाशी सुटली. मी हाका मारल्या. तू इंजिनपेक्षा मोठ्यानं मला ग्रिप समजावून सांगत होतास.

शैलेंद्र : डबे?

रेणू : डबे ठीक आहेत.

शैलेंद्र : मग हलू नकोस. गाडी वळवतो आणि रिव्हर्समध्ये येतो.

रेणू : नको येऊस. नंदाताई आल्या होत्या. पायाला बर्फात चालायचं ते रॅकेटसारखं बांधून, तुरुतुरु चालत.

शैलेंद्र : हो, वाटेत दिसल्या मला. मी हातही केला.

रेणू : स्लेज त्यांनी नेली. ओढणीची दोरी करून.

शैलेंद्र : आणि तू?

रेणू : मला म्हणाल्या, तू बसलीस तर वजन होईल गं, तू ये सावकाश. मी गुडघाभर बर्फात येतेय सावकाश. आल्या का त्या?

शैलेंद्र : थांब, आत जाऊन बघतो. हो, आल्या. मागच्या दारानं आल्या वाटतं. पानं मांडलीत. वाढतायत.

रेणू : आणि पोळ्या? लोक काय म्हणतायत?

शैलेंद्र : छान झाल्यात म्हणतायत.

रेणू : खरंच?

शैलेंद्र : हो. नंदाताईंना म्हणतायत.