सावळ्या खिंडीतला पाचवा नट

ऐका. आणि कंदिलाची वात आत्ताच वर करून घ्या, मधेच उठून कुणी दाराशी जायचं नाही.

सोनवडीचा केरबा. माणूस कष्टाळू, पण हट्टी किती! जीप स्वतःची, तिची दुरुस्तीही स्वतःच करणार. मिस्त्रीचं नाव काढलं की अंगावर धावून यायचा. तर हा केरबा दिवस मावळल्यावर निघाला. शेजारी बायको, गोजाबाई. मागं लेकीकडं न्यायचा पाळणा. सकाळी नातवाचं बारसं, आणि पाळणा ह्यांच्यापाशी! लोक म्हणाले, सावळ्या खिंडीतनं जाऊ नका. ऐकेल तो केरबा कसला?

खिंडीच्या मध्यावर मागचा टायर बसला. फुस्स!

चांदणं होतं म्हणून दिसत तरी होतं. केरबानं जॅक लावला, गाडी उचलली, पाना घेतला. चार नट सुटले. पाचवा? हलेना. जोर लावला, हलेना. रॉकेल ओतलं, हलेना. लाथ घातली, तर स्वतःचाच अंगठा सुजला.

"अहो, पाळणा डोक्यावर घेते, चालत जाऊ," गोजाबाई म्हणाली.

"एका नटापायी गाडी सोडू? मी काय मेलोय?"

अशा जागी असलं बोलू नये, बायांनो! बोलला, आणि अंधारातनं एक म्हातारा आला. खांद्यावर घोंगडी.

"पाव्हणं, तसं न्हवं. तिरका जोर लावा."

आधीच डोकं तापलेलं, त्यात हा शहाणा! तरी केरबानं तिरका जोर लावला. नट केसभर हलला.

"बघा! आता सुटतोय."

पुन्हा घट्ट.

"दमानं. आता सुटतोय."

पुन्हा केसभर, पुन्हा घट्ट. सदरा घामानं भिजला. आणि बघतो तर काय, काढून ठेवलेले चारही नट चाकावर परत! आवळून बसलेले!

"गोजे, तू बसवलेस?"

"मी? मी हितं पाळणा धरून बसलेय! आपला आपणच हलतोय त्यो, ते बघा आधी!"

"सरका, पान्यावर मी उभा ऱ्हातो," म्हातारा म्हणाला. चढला. दोन्ही पायांनी. उड्या मारल्या. आणि पाना? थरथरलासुद्धा नाही. अहो, चिमणी बसली तरी फांदी हलते! ह्याला वजनच नव्हतं.

गोजाबाईला कळलं. केरबाला? छे! पान्याला हात घालून म्हणतोय, "अजून एक उडी मारा!"

म्हातारा हसला. "मीबी असाच एका नटापायी बसलो हुतो. कोंबडा आरवेस्तवर ऱ्हावा, मग ही जागा तुमची."

आता कुठं केरबा हादरला. हात ओढतोय, सुटेना. बोटं पान्याला चिकटलेली. आणि मेल्या केरबाची नजर तरीही नटावर!

गोजाबाईचं डोकं फिरलं. "जळ्ळा तुमचा नट!" म्हणत तिनं जॅकला अशी लाथ हाणली! गाडी धाडकन खाली. पाना उडाला, हात सुटला. पाळणा डोक्यावर, नवरा मनगटाला धरलेला, बाई पळत सुटली.

मागनं हाक आली, "अवो, आता सुटतच हुता की!"

आणि खरं सांगते, केरबा वळायला लागला! तिनं मान धरून त्याचं तोंड पुढं केलं.

सकाळी बारसं झालं, पोर पाळण्यात निजलं. उन्हं वर आल्यावर माणसं गाडी आणायला गेली. पाचही नट बोटांनी सुटले.

तर बायांनो, त्या खिंडीनं जाऊ नका. गेलात आणि टायर बसला, तर गाडी तिथंच टाका. अंधारातनं कुणी "आता सुटतोय" म्हणालं, तर मुळीच थांबू नका. केरबाचं बघा. अजून झोपेत त्याची मूठ वळते, मनगट फिरतं, आणि पुटपुटतो, "गोजे, केसभर हलला गं."