गल्लीतलं एकच लाल छप्पर

पत्र्याच्या दुकानात रांगेत उभं राहून कंटाळलो, म्हणून शेजाऱ्याशी पैज लावली. पुढचं जोडपं निळा पत्रा घेणार म्हणालो मी, लाल म्हणाला तो. हरेल त्याने इथेच कान धरून दहा उठाबशा काढायच्या.

"निळाच घेऊ गं. गल्लीत सगळ्यांचा निळाच आहे."

"म्हणूनच लाल. पुरात बोट तीनदा समोरून गेली, बोटवाल्यांना आपलं घर ओळखूच आलं नाही."

"दरवर्षी का पूर येतो?"

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात. आणि दुकानदारदादा, तुमची माणसं पत्रे बसवतील तेव्हा छपराला उतार कमी ठेवा."

"वहिनी, पाणी साचून गळेल."

"गळू दे. वर बसता आलं पाहिजे. सासूबाई उतारावरूनच घसरल्या."

"सापडल्या ना पण?"

"चौथ्या दिवशी."

नवरा खाली बघत म्हणाला, "लाल द्या."

"राहू दे रे पैज," शेजारी पुटपुटला. पण मी कान धरले आणि भर दुकानात दहा उठाबशा काढल्या.

"अगंबाई, यांना काय झालं?"

"हरलो, वहिनी. दादा, मीही निळाच घेणार होतो, आता लाल लिहा."

"थांबा. तुम्ही राहता कुठे?"

"पुलापलीकडे."

"मग घ्या. आमच्या गल्लीत दुसरा लाल नको."