आजगावकरांच्या समोरची खुर्ची

मंडळी, डॉक्टर आजगावकर प्राध्यापक झाले नाहीत!

— हे मी बोललो नाही. तुम्ही ऐकलं नाही. पेटीवाले, सूर पुढे गेला असेल तर मागे घ्या. आख्यान आत्ता सुरू होतंय.

प्रश्न असा — माणूस एकटा कधी नसतो? चारशे जण त्याचं नाव घेतात तेव्हा? की एक जण त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकतो तेव्हा? घाई नको. खांबाला टेकलेले काका, डोळे मिटून विचार करा — पण घोरायचं नाही!

तर पुरुषोत्तम आजगावकर. पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेत पेशींचा अभ्यास करायचे. पेशी म्हणजे देहाची वीट — पण जिवंत वीट! आयुष्यात एकच लेख मनासारखा जमला. नाव, 'एकटी पेशी जगते का?' काचेच्या बशीत एक पेशी ठेवली. अन्न दिलं, ऊब दिली, शेजार तेवढा दिला नाही. आणि ती मेली हो! भरल्या पोटी मेली! शेजारणीचा निरोप येईना, तशी आपणहून मिटली.

आता शास्त्रज्ञांची एक रीत आहे. कुणी आपल्या लेखाचा हवाला दिला, की आपल्या नावावर एक सायटेशन चढतं. आपण म्हणतो ना, 'बुवा म्हणाले होते' — तेच! फक्त आपलं कुणी मोजत नाही, म्हणून आपण सुखी.

आजगावकरांचे हवाले चारशेवर गेले! रोज सकाळी ते आकडा बघायचे, इनक्युबेटरचं — म्हणजे पेशींच्या उबदार कपाटाचं — दार उघडायचे आणि पेशींना सांगायचे, "आज दोन वाढले बरं का." पेशींना — कारण दुसरं कुणी नव्हतंच. कँटीनमध्ये त्यांच्या समोरची खुर्ची लोक "घेऊ का, सर?" विचारून दुसऱ्या टेबलाला न्यायचे. रोज. त्यांच्यासमोर तिच्यावर बसलं मात्र कधीच कुणी नाही.

प्राध्यापकपदाची मुलाखत उद्यावर आली, आणि फोन वाजला.

"सर, मी हेमलता सुर्वे, चिपळूणहून. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तुमचा पेशीचा लेख वाचला. रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही लिहिलंय, एकटी पेशी मरते. मग हे सगळे तुमचं नाव घेऊन ती मजेत जगते असं का लिहितात?"

आजगावकरांनी एक हवाला उघडला. 'एकटी पेशी उत्तम जगते, असे आजगावकर सांगतात.' दुसरा उघडला — तेच! तिसरा — शब्दाला शब्द तेच! पहिल्यानं नुसतं शीर्षक वाचून उत्तर ठोकलं, बाकीच्यांनी त्याचं उतरवलं. आणि आजगावकरांनी तरी यातलं काय वाचलं होतं? आकडा!

"सर, आहात ना?"

"आहे. बाई, तुम्ही... शेवटपर्यंत वाचलात?"

"हो. तिसरी आकृती जरा पुसट आलीय."

मंडळी, गडी रडला! पुसट आलीय म्हणाली — म्हणजे बघितली!

दुसऱ्या दिवशी मुलाखत. संचालक कर्णिकसाहेब खूश. "चारशे! आजगावकर, पेशी एकटी जगते हे तुम्ही जगाला दाखवलंत!"

"साहेब, मी मरते असं लिहिलंय."

"मरू द्या हो! आकडा जिवंत आहे ना?"

"आपल्यापैकी कुणी लेख वाचलाय?"

निवड समितीतले एक सभासद पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

"मग हे चारशे माझे नाहीत," असं म्हणून आजगावकर उठले. पद गेलं. — आता ऐकलंत तरी चालेल.

हसताय? निघताना घरची काय सांगत होती? तुम्ही "हं" म्हणालात. काय म्हणाली ती? सांगा! ...पंख्याकडे नका बघू! आणि उद्या गावभर सांगाल, 'बुवा म्हणाले, माणसानं एकटं राहावं!'

आजगावकरांनी मग संस्थेकडे एक अर्ज केला. तो वाचतो आणि बसतो. एवढा तरी पुरता ऐका:

'महोदय, माझ्या नावावरील सर्व हवाले वजा करून त्याजागी "वाचक — एक" अशी नोंद घेण्यात यावी. सदर वाचक चिपळूणला असल्याने त्यांना दुपारच्या जेवणास कँटीनमध्ये उपस्थित राहता यावे, अशी व्यवस्था व्हावी. ती होईपर्यंत माझ्या समोरची खुर्ची कोणीही हलवू नये, ही विनंती.'