काकाची बॉडी, मामाची लेन्स

मंडळी, ऐका! आज प्रश्न एकच. दुसऱ्याला डोळा द्यायचा झाला, तर तो कुणाच्या मापाचा द्यायचा? देणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या?

माना डोलावताय! घेणाऱ्याच्या, म्हणताय! बघतो ना शेवटी, किती मान वर राहते ते.

तर गुहागरकडच्या एका वाडीत शांताराम शिगवण नावाचे गृहस्थ. शिमग्याला देवाची पालखी नाचवावी ती त्यांनीच! पालखी अशी फिरायची, की अंगणातल्या कोंबड्या चक्कर येऊन पडायच्या. हसू नका! मी उचलून ठेवलेल्या आहेत!

पण शांतारामांचा फोटो? एकही नाही! फोटो सगळे देवाचे. खाली गुलालाने माखलेले दोन पाय दिसतात, ते शांताराम. चेहरा कायम पालखीच्या आडोशाला. त्यात गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, यंदाचा शिमगा शेवटचा.

त्यांची लेक रेवती, चिपळूणला परिचारिका. तिने ठरवलं, यंदा बाबांचा चेहरा धरायचाच. मोबाईल होता हो! पण उडत्या गुलालात, फिरत्या पालखीत मोबाईलने काढलेला बाप म्हणजे नुसता तांबडा ढग. तिला हवा होता मोठा कॅमेरा, लांबचं जवळ ओढणारी लेन्स लावलेला. पगारातून पैसे साठवले, दुकानात गेली, सगळे कॅमेरे हातात धरून पाहिले आणि घरी येऊन म्हणाली, "मला तो लहान मुठीचा घ्यायचाय. हातात नीट बसतो."

झालं! घरात दोन पंडित. पुण्याचे दिवाकर काका – लाल पट्ट्याच्या कॅमेरा कंपनीचे भक्त. मुंबईचे मनोहर मामा – पिवळ्या पट्ट्याचे! काका आंघोळीलासुद्धा गळ्यातला पट्टा काढत नसत. मामांनी तर जुनी लेन्स देव्हाऱ्यात ठेवलेली, रोज फूल! शैव-वैष्णवांची भांडणं आपण पुराणात ऐकतो ना? तीच! फक्त गंधाऐवजी पट्टा!

काका गरजले, "हातात बसायला ती काय बांगडी आहे?"

मामा म्हणाले, "लेन्स बघायची असते गो, लेन्स! आणि लेन्स आमच्याकडे!"

"तुमच्या फोटोत माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात, मनोहरराव!"

"आणि तुमच्या फोटोत भाजल्यासारखी!"

आणि रेवती? ती मधे उभी. पैसे तिचे, बाप तिचा, डोळा तिचा! तिला कुणी विचारलं? मंडळी, काकांनी बांगडी म्हणून हिणवलं ना? अहो, कासार बांगडी भरताना आधी हात हातात घेतो! बोटं दाबून बघतो! कासाराला कळतं ते या पंडितांना कळू नये?

शेवटी आईने तोड काढली. लग्नात काढतात तशी. "दोन्हीकडचा मान राहू दे. बॉडी काकांनी आणावी, लेन्स मामांनी."

बॉडी म्हणजे कॅमेऱ्याचं धड, लेन्स म्हणजे डोळा. एका कंपनीचा डोळा दुसरीच्या धडावर बसत नाही. आईला बिचारीला काय ठाऊक? पण या दोघांना? ठाऊक होतं! दोघांनाही! दोघेही "बरं" म्हणाले. काकांना वाटलं, मामा नमतील, लाल लेन्स आणतील. मामांना वाटलं, काका शरण येतील! ही काय खरेदी झाली? ही कुस्ती झाली, आणि आखाडा म्हणून पोरीची इच्छा अंथरली!

शिमग्याला सकाळी दोघे आपापली खोकी घेऊन हजर. खोकी उघडली. एक लाल! एक पिवळं!

इतक्यात ढोल वाजले. पालखी अंगणात! खाली शांताराम – दुखरे गुडघे विसरून नाचतायत, आणि लेकीच्या एका हातात धड, एका हातात डोळा!

"पिळून बघ, बसेल!" मामा.

"खबरदार! माझ्या बॉडीला ओरखडा पडेल!" काका.

"तुमच्या हट्टामुळे—"

"माझ्या?"

अहो, देव दारात आलाय, बाप शेवटचा नाचतोय, आणि हे भांडतायत!

तेव्हा पालखी वळली. शांतारामांनी वळवली नाही, मी शपथेवर सांगतो! सरळ त्या दोघांसमोर जाऊन थांबली. ढकलली तरी हलेना. ढोल थांबले. गुरवाने हात जोडले, "देवा म्हाराजा, काय चुकलं?" पालखीचा एक दांडा काकांच्या छातीला टेकला, मग दुसरा मामांच्या. गुरव म्हणाला, "खांदा द्या. दोघांनी."

दिला! देणार नाहीत तर जातील कुठे? पुढे लाल, मागे पिवळा. पालखीखाली भांडता येत नाही, मंडळी. पाय जुळवावे लागतात.

आणि शांताराम प्रथमच पालखीखालून बाहेर आले. गुलालाने भरलेला तो चेहरा – उघडा! उन्हात! हसरा!

मोबाईल घरात, आणायला वेळ कुठे? रेवतीने डोळा नसलेलं धड वर उचललं. बटण दाबलं. खटाक!

आवाज ऐकून शांतारामांनी टोपी सारखी केली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यासमोर कॅमेरा धरला होता.

"काढलास काय गो?"

"काढला, बाबा."

"बरा आला?"

"खूप बरा."

मंडळी, हे खोटं कुणाच्या माथी मारायचं? पोरीच्या? नाही! त्या दोन पंडितांच्या माथी!

पुढे रेवतीने तो लहान मुठीचा कॅमेरा घेतला. एकटी गेली, कुणाला सांगितलं नाही. त्याच कंपनीची लेन्स घेतली, बाबांना ओटीवर बसवून त्यांचा सुरेख फोटो काढला. त्यांनी पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "हा ऱ्हवू दे. तो दाखव. गुलालातला."

अजून मागतात.

आता तुम्ही! मघाशी माना डोलावत होतात ना? पोराची कॉलेजातली शाखा कुणी निवडली? सुनेच्या स्वयंपाकघरातला ओटा कुणाच्या उंचीचा बांधलाय? तिची कंबर का दुखते, विचारलंत? अहो, माना खाली का? वर करा! देवाचं नाव घ्यायचंय अजून. पण हात जोडायच्या आधी घरच्या कुणाचा तरी हात हातात घेऊन बघा – तो केवढा आहे!

म्हणा आता – पांडुरंग हरी!