होडीचा वाटा

मास्तर — तीन भाग केलेत, केसरबाई! भागीदार दोन, आणि तुमच्या लेकीने जमाखर्चाच्या पेपरात नफ्याचे भाग केलेत तीन.

केसर — मंग बरोबर हाय की, दिनानाथ मास्तर.

मास्तर — बरोबर कसं? गणितातल्या होडीच्या धंद्यात ब्राउन एक, स्मिथ दोन. तिसरा कोण?

केसर — होडी.

मास्तर — हेच! अगदी हेच राहीने लिहिलंय. ‘होडी, दोनशे पौंड.’ लंडनचा परीक्षक खुर्चीवरून पडेल.

केसर — पडू दे. होडीचा वाटा काढल्याबिगर कुनी दर्यात जातो का? एक तांडेलाचा, एकेक खलाशांचा, आनि होडीचा येगला. जाली फाटली, फली कुजली, तर पैसं कोन देल? तो बरावन?

मास्तर — दुरुस्तीचं खातं निराळं असतं. ब्राउन देईल, स्मिथ देईल.

केसर — त्यो स्मित? दर म्हयन्याला धंद्यातनं पैसं काढून चिरूट वढतो त्यो?

मास्तर — हे तुम्हाला कोणी सांगितलं?

केसर — ही पहाटं मोठ्यानं वाचते. समद्या आलीला ठावं हाय. शेजारची भागुबाई तर त्याच्या बायकोसाठी हळहळते.

मास्तर — त्याला बायको नाही. निदान पुस्तकात नाही.

केसर — मंग तर वढनारच.

मास्तर — केसरबाई, ऐका. चाचणी परीक्षेत ही नापास. नापासाचं नाव लंडनला पाठवू नये असा नियम आहे. नावं पाठवायचा आज शेवटचा दिवस, आणि गावच्या टपालाची माझ्याकडची थैली ही समोरची लाँच आगरदांड्याला नेणार. ती सुटायच्या आत मला ठरवायचंय.

केसर — विंग्रज जाऊन सात वरसं झाली. परीक्षा अजून त्यांचीच कशाला?

मास्तर — जाताना न्यायची राहिली. मुंबईतल्या पेढ्या अजून तोच कागद बघून कारकून ठेवतात.

केसर — आनि नाव नाय गेलं तर?

मास्तर — तर मुंबई नाही. पुढच्या वर्षी हा वर्गच नसेल. बाकीची मुलं गळाली, राही एकटी उरली. ती गेली की शाळेची कमिटी मला कवायत शिकवायला लावणार. गुडघ्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

केसर — लंडनला सुके बोंबील धाडू का थोडे?

मास्तर — एडनपासूनच वास सुटेल.

केसर — सुटू दे. येतात म्हनून आदीच कलंल.

मास्तर — राही, तू बोल. भागीदार दोन, एवढं तुला कळत नाही?

राही — कळतं, सर.

मास्तर — मग?

राही — हात थांबतो.

मास्तर — कशासाठी?

राही — बाबा गेल्यापासून आमच्या घरचं कुणी होडीवर जात नाही. मासळीचे वाटे पडले की खलाशी आपापला उचलतात. आमच्याकडे येतो तो फक्त होडीचा. या वर्गाची फीसुद्धा त्यातलीच. सर, सगळे पैसे ब्राउन-स्मिथला दिले की मला धस्स होतं. वाटतं, आता आमच्याकडे काय येणार?

मास्तर — अगं, ती होडी इंग्लंडातली!

राही — तिलाही घरी कुणीतरी असेल की.

केसर — मास्तर, लाँचवाला दोर सोडायला लागला.

मास्तर — हा कोरा कागद घे. तेच गणित, आत्ता. दोन भाग केलेस तर पुन्हा घेतलेली चाचणी म्हणून धरतो आणि नाव टाकतो. तीन केलेस तर थैली तशीच जाईल.

केसर — लिव्ह, राही.

राही — आये, तू सांगतेस?

केसर — मीच सांगतंय. आपल्या होडीचा वाटा मी कुनाला सोडला न्हाय. तांडेल अंगावर आला, तवा बी न्हाय. पन ही परक्याची होडी हाय. त्यांना नसल द्यायचा, नसल. आपुन भांडायला जानार का तितं? लिव्ह.

राही — ब्राउन... तीनशे.

मास्तर — हं.

राही — स्मिथ...

मास्तर — पुढे. राही, पुढे!

केसर — दे त्याला. वढू दे चिरूट.

राही — तीनशे.

मास्तर — खाली दोन रेघा मार. बास! आण इकडे. अहो लाँचवाले! थांबा! लंडन आहे, लंडन!

(मास्तर थैली डोक्यावर घेऊन धक्क्याकडे पळतात.)

राही — पोचतील का गं?

केसर — पोचले. एक पाय पान्यात गेला, पन थैली दिली.

राही — म्हंजे नाव गेलं.

केसर — गेलं. रडतेस कशाला?

राही — न्हाय रडत. घरी जाते.

केसर — जा. पन किनाऱ्यानं नको. आपली होडी तितं वर वढून ठेवलीय. आजच्या दिस गावातनं जा.