माशाच्या तेलाची अंडी

— नाही हो ताई, बदलून देते की, बदलून द्यायला कुठे नाही म्हणतेय मी — पण माशाचा वास? आमच्या अंड्यांना? बसा आधी. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, माझ्यासारखाच. खुर्चीत बसा. तुमच्या लेकीला दिवस गेलेत, म्हणून मुद्दाम ही अंडी नेता ना तुम्ही, माहितीय मला — आणि तिने पहिलाच घास थुंकून टाकला म्हणता. अहो, त्या दिवसांत बायकांना पाण्यालासुद्धा वास येतो! काय? जावयानेही थुंकला? बरं. जावयाला काही दिवस गेलेले नाहीत, हे खरंय.

थांबा, तुमच्यासमोरच फोडते एक. हे बघा — बलक कसा केशरी आलाय. तो झेंडूच्या पाकळ्यांच्या पुडीचा रंग हं, उगाच खोटं कशाला बोलू. लोकांना वाटतं, बलक जितका गडद तितका कस जास्त — छे! रंग वेगळा, कस वेगळा. कवच टणक हवं तर खाद्यात शिंपल्यांचा चुरा, आणि ती मेंदूला चांगली म्हणतात ती चरबी अंड्यात यायला हवी तर जवस आणि थोडंसं माशाचं तेल. कोंबडी जे खाईल ते अंड्यात उतरवते, बिचारीला लपवता येत नाही. पण थोडंसं म्हणजे थोडंसंच — जास्त झालं की वास थेट बलकात, तांबड्या अंड्यांच्या कोंबड्यांचं तर विचारूच नका. म्हणून तर माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय एकही ट्रे फाटकाबाहेर जात नाही. हा घेतला बघा वास. काही नाही. स्वच्छ आहे — तुम्ही नाकाला रुमाल का लावलात? इतका येतोय?

असेल एखादं. त्यातून आज माल कुठे चाललाय माहितीय? बाळंतिणींच्या दवाखान्यात! पहिल्यांदाच. मुलाने वर्षभर चपला झिजवल्या त्यासाठी. कालपासून पठ्ठ्या गाणी गुणगुणतोय, लग्नातसुद्धा एवढा खूश नव्हता. आणि मला काय म्हणाला, आई, तुझ्या नाकाच्या भरवशावर हो म्हटलंय मी. आता बोला! तसं माझ्याकडे तेवढंच राहिलंय म्हणा. गुडघे गेले तसं शेडमधलं वाकणं गेलं. नजर अधू झाली, तशी दिव्यापुढे अंडी धरून तपासायचं काम सूनबाईने घेतलं — गोड बोलूनच घेतलं हो, आई, तुम्ही बसा. बसा, बसा! बसून बसून माणसाची अडगळ होते की नाही, तुम्हीच सांगा. राहिलं काय, तर हे नाक आणि खाद्य कालवणं. मुलाने मापाचा मग आणून ठेवलाय, पण मी जन्मात कधी मापाने तेल घातलं नाही. ओतत जायचं, हाताने कालवत जायचं, आणि पिंपातून तो वास नाकात चढला की थांबायचं. कधी चुकलं नाही. आता गेल्या आठवड्यातलंच सांगते — ओतलं, कालवलं, वास नाही. म्हटलं, तेल जुनं झालंय, जोर गेलाय त्याचा. आणखी ओतलं. तरी नाही. म्हणून मग आणखी —

असं नका बघू ना माझ्याकडे.

तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून. म्हटलं, येईल आपोआप — येतच नाही. सांगू कोणाला? मुलाला? तो लगेच म्हणणार, आई, तू बस. आणि मला नात झालीय, माहितीय ना? घरातले सगळे तिची टाळू हुंगतात आणि हसतात. मीही हुंगते, मीही हसते. काही येत नाही हो ताई. भिंत हुंगावी तसं. इतकं रडू येतं — पण तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन रडायचं कसं, म्हणून आपलं हसायचं. दमले मी आता त्या हसण्याला.

तुम्ही कुठे बोलणार नाही ना? ही घ्या, ही दुसरी अंडी घेऊन जा लेकीला, ही आधीच्या खाद्याची — म्हणजे असावीत. नाही, थांबा. नका नेऊ. पोटुशी पोर ती. तुम्हीच हुंगून बघा. — ह्यांनाही? ह्यांनाही येतोय?

आला बघा मुलगा, टेम्पो लागला फाटकाशी. आता एक अक्षर बोलू नका, तुमच्या पाया पडते. — काय रे? हो, झाले ट्रे बघून. सगळे. चांगलेत. चढव तू. — कोण? त्या होय, त्या आपल्या नेहमीच्या ताई, अंडी न्यायला आल्यात. हो रे बाबा, म्हटलं ना चांगलेत, चढव —

थांब.

खाली ठेव तो ट्रे. ठेव म्हणते ना. इकडे ये. नाही, मी ठीक आहे, मला काही झालेलं नाही. ये, आज तू बस जरा माझ्यापाशी. — ताई, तुम्ही निघा आता.